चारठाण्याच्या ज्वारीत सापडलेले आजोबा

चारठाण्याहून पोस्टकार्ड आलं आणि आई म्हणाली, उद्याच निघायचं. साल १९८७. आम्ही परभणीत राहायचो, चारठाणा दोन-अडीच तासांवर, पण तिकडे जायला कधी निमित्तच मिळालं नव्हतं. पत्र गणपतराव नावाच्या म्हाताऱ्याचं होतं. निजामाविरुद्धच्या लढ्यात ते आणि माझे आजोबा धोंडीबा एकाच तुकडीत स्वयंसेवक सैनिक होते. आजोबा राणीसावरगावचे शेतकरी. ऐन पेरणीत तिफण सोडून गेले, ते परतलेच नाहीत. आई तेव्हा दोन वर्षांची. गावात कुणी म्हणे मेला, कुणी म्हणे भिऊन पळाला. हे दुसरं ऐकतच आई मोठी झाली. आता गणपतरावांनी लिहिलं होतं की धोंडीबा कसा गेला ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मी अठरा वर्षांचा, डोक्यात नुसत्या बंदुका. मित्राचा कॅमेरा मागून आणला. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, कधी बंद होईल आणि एस.टी. अडकेल याचा नेम नव्हता, म्हणून पहिलीच गाडी धरली. खड्ड्यांनी हाडं खिळखिळी केली, पण दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी पाहून मी खूश होतो. वाटेत एका थांब्यावर आई अचानक उतरली आणि कुणाच्या तरी पिकात शिरलेली गाय हाकलून आली. कंडक्टर खोळंबला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही तिची जुनीच खोड होती.

जिंतूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली (तुम्हीही खा, पण चहा आधी सांगून ठेवा, यायला वेळ लागतो) आणि गाडी बदलली. चारठाण्यातल्या जुन्या देवळांचे कोरीव खांब पाहून मी हरखलो आणि निम्मा रोल तिथेच संपवला. जाणार असाल तर सकाळीच जा, दुपारी फरशीवर अनवाणी पाय ठरत नाही.

गणपतराव ओट्यावर वाटच पाहत होते. पिठलं-भाकरी खाऊ घातल्याशिवाय त्यांनी तोंड उघडलं नाही. मग आम्हाला नाल्याकाठच्या एका शेतात नेलं.

"हितंच दडून बसलो व्हतो आमी पाच जण," ते म्हणाले. "दिवस मावळायलाता. नाल्याच्या पल्याड बंदूकवाल्यांची गस्त. तेवढ्यात दोन ढोरं ज्वारीत शिरली. कणसं भरायली व्हती, माय. धोंडीबाचा जीव ऱ्हाईना. मी हात धरला, झटकून उठला. ढोरं भाईर काढली अन् गोळी लागली."

मला लढाई हवी होती.

आईनं विचारलं, "म्हंजे पळाले न्हाईत?"

"पळायचं असतं तर ढोरं चरू दिली असती."

सैनिकाचं असं मरण सांगायला बरं दिसणार नाही, म्हणून आपण इतकी वर्षं गप्प राहिलो, असं गणपतराव खाली बघून म्हणाले. आई मात्र रडता रडता हसत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मुक्काम त्यांच्याकडेच केला. दुसऱ्या दिवशी येलदरीचं धरण पाहिलं. पाणी बघून मी येडाच झालो. आईनं तिथे कधी नव्हे ते तळलेले मासे मागून घेतले.

आठवड्यानं आम्ही राणीसावरगावला गेलो. लढता लढता गेले एवढंच सांग, असं मी आईला बजावलं होतं. तिनं पारावर बसलेल्या माणसांना आधी ढोरांचंच सांगितलं. सगळे शेतकरी, कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "मंग तो धोंडीबाच. दुसरा कोन उठंल?"

मित्राच्या कॅमेऱ्यातले निम्मे फोटो काळे आले. त्या शेताचाही. पण परभणीला परतलो त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मेथीच्या वाफ्यात गाय शिरली. आई ताटावर होती. ती उठायच्या आत मी उष्ट्या हातानं धावलो.