समस्त ग्रामस्थांचा अर्ज

एसटीकडे मी एकदा समस्त ग्रामस्थांच्या वतीने अर्ज केला, आणि त्या समस्तांपैकी एकालाही विचारलं नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. रत्नागिरीतून फुटून आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि नव्या घरात जो तो आपल्या नावाची खुंटी मागतो तसे सगळे अर्ज लिहीत सुटले होते. मला मालवणला एका कचेरीत कारकुनी मिळाली होती, तीही कच्ची. आमचं गाव किनाऱ्याच्या पार टोकाला. सकाळची गाडी तीन मैल अलीकडच्या तिठ्यावरूनच परत फिरायची. मी धावत तिठा गाठायचो तेव्हा गाडीचा धुरळा तेवढा भेटायचा. हेडक्लार्कनी शेवटचं बजावलं होतं, "अजून एक महिना बघतो. वेळेवर येणार नसाल तर गावातच राहा, समुद्र आहेच."

म्हणजे गाडी गावात यायलाच हवी होती. पण 'मला पहाटे उठवत नाही, सबब गाडी दारात आणावी' असं काही अर्जात लिहिता येत नाही.

तेवढ्यात जत्रा आली. आमच्याकडे जत्रेला देवासमोर गाऱ्हाणं घालतात. मानकरी गावाचं मागणं एकेक ओळ खणखणीत आवाजात सांगतात आणि प्रत्येक ओळीला जमलेली मंडळी म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मानकरी नात्याने माझे आजोबा लागत. तंबाखूची पुडी देऊन मी त्यांच्याकडून एक ओळ जास्तीची घालून घेतली. "गुराढोरांक सांभाळ रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "मुंबैक गेलेल्या झिलांक सुखात ठेव!" व्हय म्हाराजा. "आणि सकाळची येष्टी शेवटच्या वाडीपर्यंत येवंदे रे म्हाराजा!"

देऊळ दणाणलं. माझ्या अंगावर काटा आला. आता खरं सांगायचं तर त्या जागी 'ह्या कारकुनाक दर्यात बुडव' असं म्हटलं असतं तरी तेवढ्याच जोरात व्हय म्हाराजा आलं असतं. भरात मीही म्हटलं असतं. पण त्या दिवशी मला तो ठराव वाटला.

घरी येऊन अर्ज लिहिला. 'गावात सर्वत्र एकच मागणी आहे' लिहिलं. 'लोकभावना तीव्र आहे' लिहिलं. गाडी वळवायला जागा कुठे, असं कोणी विचारेल म्हणून शेवटी ठोकून दिलं, 'जागा देण्यास समस्त ग्रामस्थ एका पायावर तयार आहेत.' गाडी वळेल एवढी सपाट जागा शेवटच्या वाडीत एकच होती. मासे विकणाऱ्या काकीचं घरापुढचं खळं. त्यावर ती बांगडे सुकवायची.

पंधरा दिवसांनी आगारातले साहेब जीप घेऊन हजर. देवळापुढे माणसं जमली. साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला आणि विचारलं, "सकाळच्या गाडीने कोण कोण जाणार? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. एकट्याचाच दिसेल म्हणून माझाही नाही.

मी शेजारच्या म्हाताऱ्याला कोपर मारलं. "देवळात व्हय म्हटलास मा?"

"ता देवाक म्हटलंय. तुज्या येष्टीक न्हय. माका खंय जावचा आसा?"

"बरं, एका पायावर तयार असलेले कुठे आहेत?" साहेब म्हणाले.

गर्दीतून काकी पुढे आली. "ह्या कोणी लिवल्यान? माज्या खळ्यात गाडी वळवतले आणि माका इचारूक पन नाय?"

साहेबांनी कागदाची घडी घातली. "बाई, तुमची संमती नसेल तर विषय संपला."

त्या घडीत माझी नोकरीही गेलीच असं मला दिसलं. तोंड लपवायला जागा नव्हती. काकीने माझ्याकडे पाहिलं, काय वाटलं तिला कोण जाणे. पदर खोचून ती साहेबांसमोर ओट्यावर बसली.

"सायबानू, आख्ख्या गावाचा माका म्हायत नाय. मोजून सांगतंय. आमी पाच बायलो. रोज माशांची पाटी डोक्यार घेवन तिठ्यापर्यंत चलत जातो. आणि ह्यो एक, धावता पन पोचणा नाय. तो अर्धो धरा. साडेपाच झाली."

साहेब हसले आणि त्यांनी ते खरंच लिहून घेतलं. "समस्तांचे अर्ज आमच्याकडे गठ्ठ्याने पडलेत," ते म्हणाले, "साडेपाच माणसं पहिल्यांदाच भेटली. जागेचं काय?"

"अर्ध्या खळ्यात वळवा. बांगडे मागल्या दारी सुकत घालीन."

तिने नाही म्हटलं असतं तर गावात कोणी तिला बोल लावला नसता. मी तर नाहीच. तिच्या मागच्या दारी ऊन कमी, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. त्या पाच जणींच्या डोक्यावरच्या पाट्या मी रोज तिठ्याच्या वाटेवर पाहायचो, धावताना त्यांना 'बाजूक व्हा' म्हणून ओरडायचोही, आणि अर्ज लिहिताना त्यांतली एकही मला आठवली नव्हती. आठवला तो आख्खा गाव. पुढे माझी नोकरी पक्की झाली. त्या नोकरीवर मी जे जे उभं केलं त्याखाली काकीचं अर्धं खळं आहे, असं मी आजही धरून चालतो.

गाडी सुरू झाली ती माझा महिना भरायला दोन दिवस असताना. पहिल्या सकाळी मानकऱ्यांनी नारळ फोडला, ड्रायव्हरला हार घातला. मी तिथे नव्हतो. गाडी आता दारातच येणार म्हणून बिनघोर झोपलो होतो. हॉर्न ऐकून जागा झालो आणि तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल अशा थाटात खळ्याकडे पळत सुटलो.

पाट्या टपावर चढल्या होत्या. कंडक्टर घंटीची दोरी धरून खेकसत होता. काकीचा एक पाय गाडीच्या पायरीवर आणि दुसरा जमिनीवर. काही केल्या ती तो उचलत नव्हती.

"थांब रे मेल्या जरा," ती त्याला सांगत होती, "समस्त ग्रामस्थ अजून दात घासतत."