पहिल्या हाकेला ओ

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन धड नाही, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते किराणा सामानाची चिठ्ठी, नाहीतर सहीपुरतं नाव. आमची सून प्रज्ञा मोबाइलवर लोकांचे असे अनुभव वाचते, कधी मला वाचून दाखवते. "तुम्ही पण लिहा ना आई," असं एकदा गमतीनं म्हणाली होती. हे मी तिलाही दाखवणार नाही. पण कुणाला तरी सांगितल्यासारखं व्हायला हवं... म्हणून बाहेरच्या दाराला खुर्ची टेकवून, मांडीवर वही घेऊन बसले आहे.

माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. म्हणजे ठेवायची सोयच नव्हती. आमच्या घरात बुद्धवंदना होते, अंगारा-धुपारा नाही. आमचे हे तर त्या बाबतीत फार कडक. रेल्वेत की-मन होते, मनमाडला. पहाटे एकटे रूळ तपासत मैलोन् मैल चालायचे. वाटेत कुणी उताऱ्याचा नारळ ठेवलेला दिसला की उचलून घरी आणायचे आणि मला त्याची चटणी करायला लावायचे. सुरुवातीला माझ्या घशाखाली उतरायची नाही. नंतर उतरायला लागली.

माझ्या माहेरची एकच गोष्ट माझ्या मनातून गेली नव्हती. मावशी सांगायची, पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. दुसरं काही असेल तर त्याला तेवढा धीर नसतो, आणि आपण ओ दिली की ते आपल्याला ओळखतं. ह्यांना हे कळलं तेव्हापासून मुद्दाम पहिल्याच हाकेला मोठ्यानं "ओ!" द्यायचे, आणि माझ्याकडे बघून हसायचे. जन्मभराची सवय झाली ती.

दुसरी सवय देणं फेडण्याची. कुणाचं देणं ठेवायचं नाही. एकदा बदली झाली, ट्रंका चढवल्या, गार्डनं शिट्टी मारली, आणि हे उडी मारून खाली. चहावाल्याचे दोन कपांचे पैसे राहिले होते म्हणे! मी अमोलला मांडीवर घेऊन रडतेय आणि गाडी हलली. हे शेवटच्या डब्यात चढले. पुढच्या स्टेशनवर आमच्या डब्यात आले आणि म्हणाले, "रडतेस कशाला? देणं ठेवून मी कुठं जात नाही."

हे वाक्य मला नंतर फार कामाला आलं.

अमोल आमचा एकुलता एक. सिंगापूरला हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात आहे. राहायला इकडे सेम्बावांगला. हे रिटायर झाल्यावर आम्ही दोघं बरेच महिने त्याच्याकडेच असतो. गेल्या वर्षी जेवताना तो म्हणाला, "बाबा, अलास्काची क्रूझ बुक केलीय. तुम्ही दोघंही येताय."

"काय आहे तिथं?"

"बर्फ, अस्वलं, लांडगे, देवमासे."

"बर्फ फ्रीजमध्ये आहे. आणि लांडगा मी रुळावर फुकट पाहिलाय."

पण देवमाशाचं नाव काढल्यावर ह्यांचा चेहरा बदलला, ते मी पाहिलं. गिरणेच्या काठी वाढलेला माणूस. लहानपणी दिवसभर पाण्यातच असायचे. सासूबाई काठावर उभ्या राहून हाका मारायच्या, तेव्हा कुठं बाहेर यायचे.

जहाजाच्या तिकिटात बोटीतून देवमासे बघणं धरलेलं नव्हतं, त्याचे वेगळे पैसे होते. अमोल सांगेना. ह्यांनी विचारून विचारून काढून घेतलं आणि रुपयात हिशेब केला.

"एका माशाला एवढे?"

"बाबा, मी भरतोय ना."

"जहाज तुझं, जेवण तुझं. मासा मी माझ्या पैशानं बघणार. आईचे आणि माझे पेन्शनमधून देईन, हप्त्यानं."

"बाबा, घरात आपलं-तुपलं कशाला?" प्रज्ञा म्हणाली.

"आपलं-तुपलं नाही गं. देणं म्हणजे देणं."

तर आम्ही गेलो. थंडी सांगायची सोय नाही. जुनो नावाच्या गावाला जहाज लागलं, तिथून लहान बोट. डोंगरांवर काळी झाडं, ढग पार पाण्यापर्यंत खाली आलेले. पाण्यात तरंगणाऱ्या एका मोठ्या पिंपावर समुद्रसिंह लोळत होते, म्हशी डबक्यात लोळतात तसे. नात तनू फोटो काढत होती. आणि मग तो मासा वर आला. मासा कसला, घराचं छप्पर वर यावं तसं. त्यानं श्वास सोडला आणि कुजक्या बोंबलासारखा वास आमच्या तोंडावर आला. तनू सिंगापूरच्या पोरांसारखं "ईऽऽ, सो स्मेली लाह!" करून ओरडली, सगळी बोट हसली. हे मात्र हसले नाहीत. कठडा धरून उभे होते, डोळ्यांत पाणी. वाऱ्यानं असेल.

आता नीट सांगते. ह्यांना ऐकू येत नाही. मशीन लावलं तर येतं, नाहीतर कानाशी ओरडावं लागतं. वाऱ्यानं मशीनमध्ये घूं घूं व्हायला लागलं म्हणून ते त्यांनी काढलं, डबीत ठेवलं आणि डबी माझ्याकडे दिली. माझ्या पर्समध्ये होती ती. हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

बोटीवरच्या गाइड मुलीनं एक माइक वायरनं पाण्यात सोडला. मासे खाली एकमेकांशी बोलतात ते ऐकू येतं, असं अमोलनं सांगितलं. बोटीचं इंजिन बंद केलं. सगळे गप्प. स्पीकरमधून आधी नुसती खरखर, मग लांबून कण्हल्यासारखा आवाज, मग दार करकरल्यासारखा. लोकांनी मोबाइल वर धरले होते.

आणि मग मला स्पष्ट ऐकू आलं...

"नाम्याऽऽऽ..."

आणि त्याच्यामागं एक कोरडा खोकला.

सासूबाईंच्या घशात चुलीचा धूर बसलेला होता. हाक मारली की शेवटी एकदा खोकायच्या. त्यांच्या हाताखाली मी किती वर्षं काढली, मला तो आवाज परका नाही. त्या जाऊन जमाना झाला. ह्यांना नाम्या म्हणणारं आता जगात कुणी नाही.

मी ह्यांची बाही धरायला हात पुढं केला. तो पोचायच्या आत ह्यांनी नेहमीसारखी मोठ्यानं दिली, "ओ!"

सगळी बोट हसली. गाइड मुलीनं टाळ्या वाजवल्या. "आजोबा आन्सर द व्हेल!" म्हणून तनू नाचायला लागली. हे माझ्याकडे वळले. चेहरा अगदी साधा, कुणी दारात आल्यावर असतो तसा.

"आईच होती ना गं?" म्हणाले.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, माझं मलाच आठवत नाही.

अमोलच्या मोबाइलमध्ये ते सगळं आहे. घरी कुणी आलं की तो लावून दाखवतो. खरखर आहे, माशाचं कण्हणं आहे, आणि मग ह्यांची ओ आहे. त्याच्याआधी हाक नाही. मी कानाला लावून लावून ऐकलं. "काका, कुणाला ओ दिलीत हो?" पाहुणे विचारतात. "देवमाशाला," हे सांगतात, आणि सगळे हसतात.

सिंगापूरला परत आलो. थोडे दिवस काही नव्हतं. मग एका दुपारी मी भांडी आवरून बाहेर आले तर हे लिफ्टपाशी उभे, पायात चपला. मशीन आत टेबलावर.

मी कानाशी जाऊन विचारलं, "कुठं निघालात?"

"आई बोलावतेय." दूध आणायला निघालो, असं सांगावं तसं.

"आई जाऊन किती वर्षं झाली!"

"माहितेय की मला," म्हणाले आणि हसले.

पॉलिक्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ऐकू कमी आलं की मेंदू आपले आपण आवाज तयार करतो, घाबरायचं नाही. हे एकदम खूश. "बघ, कानाचा भास आहे. शास्त्रीय आहे." अमोलचंही समाधान झालं. चारचौघांत मला बोलता येत नाही, आणि तिथं तर इंग्रजी. पण माझे कान चांगले आहेत हो. मग मी कशी ऐकली?

त्यानंतर ते झालं. अमोल-प्रज्ञा ऑफिसात, तनू शाळेत, मी आंघोळीला गेलेली. बाहेर आले तर दार उघडं. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, ह्यांच्यासोबत बसणारे चिनी आजोबा असतात, त्यांनी हातानं दाखवलं – समुद्राकडे. समुद्रकाठच्या पार्कपर्यंत मी कशी गेले, बस पकडली की धावले, मला सांगता येणार नाही. तिथं वाळूचा छोटा किनारा आहे, समोर पलीकडे मलेशिया. हे पँटसकट पाण्यात होते. कमरेच्या वर पाणी. आणि पुढं चालले होते, सावकाश... रूळ तपासताना चालायचे तसे, खाली बघत.

"अहो! अहो!" मी ओरडले. ऐकू कसं येणार? आजूबाजूला माणसं होती, मासे धरणारे, बायका. मला एकही शब्द येईना की यांना धरा म्हणून सांगावं. मी साडीनिशी पाण्यात शिरले. दंड धरून ओढलं तर हलेनात. सत्तरी गाठलेला माणूस, पण खांब रोवल्यासारखा. मी रडत होते. काय सुचलं कोण जाणे, कानाला तोंड लावून ओरडले,

"अमोलचे पैसे राहिलेत!"

हे थांबले. माझ्याकडे बघितलं, जागं झाल्यासारखं.

"हो की," म्हणाले. "राहिलेतच." आणि वळून बाहेर आले. पाण्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आई, थांब जरा. देणं आहे अजून."

घरी मी सांगितलं, हे एकटेच किनाऱ्यावर गेले आणि पाय घसरून पाण्यात पडले. अमोलनं मला वरच्या कुलपाची किल्ली दिली. पण कुलूप किती दिवस लावणार? आपल्या माणसाला कोंडून घालायचं का? दोनचार दिवसांत ह्यांनीच विचारलं, "मी काय चोर आहे का?" आणि मी काढून टाकलं.

तेव्हापासून मी खोटं बोलायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. पेन्शन आली की हे म्हणायचे, अमोलचा हप्ता पाठव. मी म्हणायची, सर्व्हर डाउन आहे. पुढच्या वेळी म्हणायची, माझी दाढ दुखतेय, डॉक्टर पैसे मागतोय. मग चष्मा. मग गावाकडे पुतणीचं लग्न, आहेर नको का? ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ऐकलं. कधी एखादा हप्ता द्यावाच लागायचा, त्या दिवशी मला जेवण जायचं नाही. दुपारी कधी डोकं वर करून कानोसा घेतल्यासारखं करायचे, चपलांकडे बघायचे... आणि मग मानेनं नाही म्हणून पेपर उघडायचे. मला वाटायचं, चाललंय तसं चालू दे. फिटलं नाही म्हणजे झालं.

अमोलला मी एकदा स्वयंपाकघरात गाठलं. "बाबांकडून पैसे घेऊ नकोस."

"आई, मी पहिल्यापासून नकोच म्हणतोय. पण घेतले की त्यांना बरं वाटतं."

"तरी घेऊ नकोस रे."

"का पण?"

काय सांगू? ज्या घरात उताऱ्याच्या नारळाची चटणी झाली, त्या घरात हे कोणत्या तोंडानं सांगू? तो हसला आणि म्हणाला, "आई, तू कधीपासून एवढी चिक्कू झालीस गं?" त्याला वाटलं मला पेन्शन शिल्लक टाकायचीय.

हे काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. डॉक्टर म्हणतात कान. मोबाइल म्हणतो काहीच नव्हतं. ह्यांना विचारलं तर म्हणतात, भासच आहे गं, पण आवाज अगदी हुबेहूब येतो. भीती त्यांना नाहीच. भीती सगळी माझ्या वाट्याला आली. आणि कुणाचा राग करू? हाक मारणारी आईच आहे. वाईट तर नाही ना ती.

आज सकाळी चहाच्या वेळी ह्यांच्या मोबाइलवर मेसेज वाजला. महागाई भत्त्याचा फरक जमा झाला होता, मागचा सगळा एकदम. हे मला काही बोलले नाहीत. अमोल बूट घालत होता, त्याच्यापुढं मोबाइल धरला.

"राहिलेले सगळे घे. आत्ता. माझ्यासमोर."

"बाबा, संध्याकाळी बघू ना, मला उशीर होतोय."

"एक मिनिटाचं काम आहे."

मी ओट्यापाशी होते. अमोलकडे बघून मानेनं नको नको केलं. त्यानं पाहिलं, आणि मला डोळा मारला. 'जाऊ दे, म्हातारा खूश होतोय' असं. बोटानं काहीतरी दाबलं.

"झालं बाबा. पूर्ण फिटले."

ह्यांनी आपला कप विसळून पालथा घातला. मग कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी माझ्या हातात दिली, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले,

"सुमन, एकदाचं फिटलं गं सगळं."