पातेलं, झाकण आणि ‘शी’ म्हणजे कोण

इंग्रजीच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या तरी गल्लीत त्यांचं नाव कोणबाईच राहिलं. समोर कुणी इंग्रजी वाक्य टाकलं, की यांचं ठरलेलं, “‘शी’ म्हणजे कोण?”

त्यांची सून रुग्णालयात परिचारिका. हात हलका, डोकं थंड. पण मुख्य परिचारिकेच्या जागेसाठी इंग्रजीत अहवाल लिहायची परीक्षा होती आणि तिथे ती दोनदा आपटली होती. आता शेवटची संधी. नवरा म्हणाला, जाऊ दे, आहे ते काय वाईट आहे? कोणबाईंनी लेकाला नाक खुपसू नकोस म्हणून सांगितलं आणि सुनेचा जुना पेपर घेऊन स्वयंपाकघरात ठाण मांडलं.

पेपरात लिहिलं होतं, नर्सने मुलीच्या आईला सांगितलं, की ‘शी’ पडली.

“पडली कोण?”

“मुलगी, आई. पलंगावरून.”

“मग तसं लिही ना. मला तर तिघीही जमिनीवर दिसताहेत.”

लगेच त्यांनी ओट्यावर पातेलं ठेवलं, ती नर्स. झाकण म्हणजे मुलगी, चमचा म्हणजे आई. वाक्य वाचायचं आणि ‘शी’ आली की ती जिच्यासाठी असेल, तिच्या भांड्यावर सुनेने बोट ठेवायचं. बोट घुटमळलं की ‘शी’ खोडायची, सरळ नाव लिहायचं. रोज हाच धडा. दूध उतू गेलं, भाजी करपली. लेक विचारायचा, आज जेवायला पेशंट आहे की नर्स?

परीक्षेच्या सकाळी कोणबाईंनी शेवटचं वाक्य घातलं, पातेल्यावर झाकण ठेव आणि ‘इट’ धुवून टाक. सुनेचं एक बोट पातेल्यावर, दुसरं झाकणावर.

“धुवू काय, आई? वाक्य तुमचं आहे.”

कोणबाई पोट धरून हसल्या. “जा. आता तुझं काही अडत नाही.”

परीक्षेत भांडी कुठली? सुनेने बाकावर खोडरबर, शार्पनर आणि पेनचं टोपण मांडलं. पर्यवेक्षिकेने भुवया उंचावल्या, हिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येक ‘शी’वर बोट ठेवलं, घुटमळलं तिथे नाव लिहिलं.

निकाल लागला तशा कोणबाई चपला न घालताच फाटकाशी धावल्या. दूधवाला सायकलवरून उतरत होता.

“ती पास झाली! मुख्य परिचारिका झाली!”

“ती म्हणजे कोण, बाई?”

“माझी सून,” कोणबाई गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “नीट ऐकून घे, माझी सून.”