डोक्यातल्या मुंग्या

माझ्या काकीला वेड लागलंय असं एका डॉक्टरने सहा मिनिटांत ठरवलं. सहाच मिनिटं झाली हे मला पक्कं माहीत आहे, कारण मला ट्यूशनला उशीर होत होता आणि मी सारखी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. आज त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं तापतं. निम्मा राग त्या डॉक्टरवर, निम्मा स्वतःवर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अकरावीत होते. काका-काकी सुरतेत नवागामला एका खोलीत राहायचे. काका कापड विणायच्या लूमवर कामाला, आणि काकी घरी बसून साड्यांचे लोंबणारे धागे कापायची. कात्री अशी चालवायची की बघत राहावं. आमचं मूळ गाव खानदेशातलं. काकीला अहिराणीशिवाय दुसरं काही नीट बोलता येत नसे. हिंदी बाजारापुरती, गुजराती त्याहून कमी. मी मात्र गुजराती शाळेतली. मैत्रिणींसमोर घरची बोली तोंडातून निघाली तर अंग चोरायचे.

त्या वर्षी काकीची आई गावी वारली. निरोप नाक्यावरच्या एसटीडी बूथवर आला, तोही काकांच्या कारखान्यातल्या माणसामार्फत, एक दिवस उशिरा. काकी मिळेल ती भुसावळ गाडी पकडून पोचली, तोवर सगळं आटपलं होतं. चेहरा बघायला मिळाला नाही. परत आल्यावर ती महिना-दोन महिने नुसती गप्प होती. मग जेवण तुटलं. पहाटे तीन-साडेतीनला जागी होऊन उंबऱ्यात बसायची. साड्यांचा गठ्ठा आला तसा कोपऱ्यात पडून राहायचा. काका म्हणायचे, "आळस भरलाय." शेजारची म्हणायची, "बाहेरचं काही लागलंय." शेवटी काकांच्या कामावरच्या एका जोडीदाराने सांगितलं, डोक्याच्या डॉक्टरला दाखव. काकांना गुजराती धड येत नव्हती, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं.

डॉक्टरने काकीकडे एकदाच बघितलं. पुढचं सगळं माझ्याशी बोलला.

"शुं थाय छे?"

मी काकीला विचारलं, काय होतं. ती म्हणाली, "डोकामा मुंग्या चालतस, माय. बठ्ठी रात." रात्रभर.

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज आहे का? पायाला मुंग्या येतात, हाताला येतात, तशा झोप न मिळालेल्या डोक्यालाही येतात. पण मी गुजरातीत शब्दाला शब्द ठेवला, "माथामां कीडीओ चाले छे." डॉक्टरने मान वर केली. गुजरातीत असं कुणी म्हणत नाही. त्याला खरोखरच्या मुंग्या दिसल्या असणार. त्याने लिहिलं.

"कोईनो अवाज संभळाय छे?" कुणाचा आवाज ऐकू येतो का?

काकीचे डोळे भरले. "मनी मायना आवाज येस, सकायले. माहीत शे ती नही, तरी येस."

आईचा आवाज सकाळी येतो, ती आता नाही हे माहीत आहे, तरी येतो, असं ती म्हणाली होती. त्या 'माहीत शे'मध्येच सगळं होतं. आणि मी एवढंच सांगितलं, "हा, संभळाय छे. एनी मरी गयेली मानो." हो, ऐकू येतो, तिच्या मेलेल्या आईचा. उरलेलं खाल्लं मी. बाहेर पेशंट बसले होते, काकी मोठमोठ्याने अहिराणीत रडत होती, आणि मला लाज वाटत होती.

आवाज कधीपासून येतो, काय म्हणतो, आई जाऊन किती दिवस झाले, काहीच त्याने विचारलं नाही. चिठ्ठी लिहिली, आजाराचं नाव लिहिलं आणि काकांना हिंदीत म्हणाला, "दिमाग की बीमारी है, गोली बंद मत करना."

त्या गोळ्यांनी काकी लाकडासारखी झाली. हात थरथरायचे, तोंडातून लाळ यायची, चालताना हात हलायचे नाहीत. कात्रीत बोटं घालता येईनात. काकांनी विचारलं तर डॉक्टर म्हणाला, आजार वाढलाय, आणि गोळी वाढवली. माणूस हार्टचा पेशंट असेल तर दोन-दोनदा कागद काढून बघतात. मनाचा पेशंट असला की एकदा लिहिलं ते ब्रह्मवाक्य! पुढे जे दिसेल ते आजाराच्याच खात्यात जमा.

चार महिन्यांनी माझ्या आईने हट्ट धरला आणि आम्ही काकीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गुजरातीच होत्या. काकी बोलायला लागली आणि मी भाषांतर करायला लागले, तसा त्यांनी हात वर केला. "एणे आटलुं बधुं कह्युं ने तुं आटलुंज बोली?" ती एवढं बोलली आणि तू इतकंच सांगतेस? माझे कान गरम झाले. त्यांनी वॉर्डातल्या आयाबाईंना बोलावलं. त्या धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या होत्या.

आयाबाई काकीच्या शेजारी बसल्या, हात हातात घेतला. मग तासभर प्रश्न चालले. झोप कधी मोडते? जेवणाची चव लागते का? पूर्वी काय आवडायचं, ते आता करावंसं वाटतं का? स्वतःला दोष देतेस का? आवाज काही करायला सांगतो का? तो दुसऱ्या कुणालाही ऐकू येत असेल असं वाटतं का? घरात आधी कुणाला असं झालं होतं का? हे किती आठवडे रोज चाललंय? थायरॉईडसाठी रक्तही काढलं, कारण त्यानेही माणूस असा मंद होतो म्हणे. मुंग्यांचं ऐकून आयाबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "अहो बाई, आमच्याकडे सगळेच असं बोलतात!"

मग डॉक्टरीणबाईंनी अगदी शांतपणे विचारायला लावलं, "मरून जावंसं वाटलं का कधी?"

मी दचकले. असं कुणी विचारतं? काकीने मान खाली घातली आणि म्हणाली, "दोन डाव." दोन वेळा. एका घरापलीकडे आम्ही राहत होतो आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. "विचारल्याने तो विचार मनात येत नाही," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "असलेला बाहेर येतो."

त्यांनी सांगितलं, हे डिप्रेशन आहे, आईच्या दुःखातून जडलेलं. गेलेल्या माणसाची हाक ऐकू येणं दुःखात होतं, तेवढ्यावरून वेड ठरत नाही. जुन्या गोळ्या वाईट नव्हेत, पहिल्या डॉक्टरने लिहिलेल्या आजाराच्या माणसाला त्या वाचवतात, पण हा तो आजार नव्हे. त्यांनी जुन्या गोळ्या हळूहळू कमी केल्या, नव्या सुरू केल्या, आणि दर पंधरा दिवसांनी बोलावलं. आयाबाई दर वेळी हजर असायच्या. मी नुसती बसून ऐकायचे.

पावसाळा सरता सरता काकीच्या हातांची थरथर थांबली. एक दिवस तिने स्वतःहून शेव-भाजी केली. काम मागायला ती साड्या देणाऱ्या बाईकडे गेली, तर ती बाई दारातूनच म्हणाली, "गांडीना हाथमां कातर न अपाय." वेडीच्या हातात कात्री द्यायची नसते. एका चिठ्ठीवर लिहिलेला शब्द अख्ख्या गल्लीने पाठ केला होता.

मी तडक पहिल्या डॉक्टरकडे गेले. सरकारी दवाखान्याचे कागद त्याच्या टेबलावर ठेवले आणि जे मी त्या दिवशी खाल्लं होतं ते सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. त्याने कागद उलटे-पालटे केले, काकीला बरं वाटतंय एवढंच वाचलं आणि हसला. "जो, मारी दवाथी फेर पड्यो ने?" बघ, माझ्याच औषधाने फरक पडला ना?

घरी येऊन मी काकीला सगळं सांगितलं. मी लाजेपायी काय काय गाळलं होतं तेही. "तुले आपली बोली समजे नही का?" ती एवढंच म्हणाली. मी रडले. मग डॉक्टरचं ते 'माझ्याच औषधाने फरक पडला' तिने ऐकलं आणि ती उठून दारात उभी राहिली. "त्याना तोंडले आग लागो!" अशी सुरुवात करून तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या. वर्षभर जिच्या तोंडून धड शब्द निघत नव्हता, तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मला इतकं बरं वाटलं की मी तिला थांबवलं नाही.

समोरच्या दोघी-तिघी बाहेर आल्या. एकमेकींकडे बघून त्यांनी मान हलवली. एक काकांना हळूच म्हणाली, "भाऊ, परत लागलं वाटतं हिला. गोळी चुकली का आज?"