दिव्यांगांच्या संडासाचं कुलूप
ऑइलपेंटचा वास आला की मला इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेतली ती बैठक आठवते. माझी लेक व्हीलचेअरवर असते. तिच्यासाठी शाळेनं रुंद दाराचा संडास बांधला, दार निळं रंगवलं आणि रंग वाळायच्या आत त्याला कुलूप घातलं. आत खिचडीच्या तांदळाची पोती रचली. महिनाभर हेलपाटे घालून शेवटी मी शाळा समितीच्या बैठकीत उभी राहिले. अध्यक्ष माझे चुलत दीर लागायचे. ते म्हणाले, "वहिनी, एका पोरीपायी तांदूळ उघड्यावर टाकायचा व्हय? तपासणीला सायेब आलं की उघडतोच की." मी म्हणाले, "सायबांना लागत न्हाय भाऊजी, माझ्या पोरीला लागतं." सगळे हसले. मुख्याध्यापकांनी 'विषय पुढील सभेत घ्यावा' असं लिहून वही सहीसाठी माझ्यापुढं सरकवली. मी सही न करता निघून आले. पोती हलली, तोवर लेक सातवी होऊन त्या शाळेतून बाहेर पडली होती. आता ती बारामतीला कॉलेजात जाते. तिथं सगळी सोय आहे, तरी सकाळी दिलेली पाण्याची बाटली ती संध्याकाळी भरलेलीच परत आणते.