शिपायाचे सासरे आणि मंजूर सभागृह

आमच्या कार्यालयातल्या शिपायाच्या सासऱ्यांइतका सरकारला दमवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तेही एकदाही आवाज न चढवता. जिंतूरच्या डोंगरात आंध आदिवासींची त्यांची वस्ती. गावोगावी लोक साहेबांना हार घालतात. हे आधी साहेबांची चौकशी करत. तुमी कुठले, शेती हाय का, घरात पानी कोन भरतं? शिवणयंत्रं वाटायला गेलेल्या एका साहेबांना त्यांनी चहा पाजला, यंत्र चारी बाजूंनी न्याहाळलं, चाकही फिरवून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "लय चांगलं हाय. पन ह्याच्यावर पानी शिवता येतं का?" साहेब चहा अर्धा टाकून उठले.

मी तेव्हा विस्तार अधिकारी होतो. वस्तीला सभागृह मंजूर झालं आणि संमतीच्या सह्या आणायला मलाच पाठवलं. मार्च तोंडावर आलेला. सासरे म्हणाले, "बसा. बैठक घेऊ." त्यांच्या बैठकीचा नियम असा, की प्रत्येक जण बोलल्याशिवाय कुणी उठायचं नाही. नव्या सुना बोलल्या, जन्मात चार शब्द न बोललेला एक गुराखीही बोलला, फक्त जरा विचार करून, म्हणजे तासाभरानं. बैठक दोन दिवस चालली. सगळ्यांचं म्हणणं एकच निघालं: वरचा झरा फाल्गुनातच आटतो, मग बायकांना डोंगर उतरून पाण्याला जावं लागतं, तेव्हा झऱ्याच्या वरच्या अंगाला दगडी बांध घालायचे.

"अहो, पण मंजूर सभागृह झालंय!" मी कळवळून म्हणालो.

"सायब, सभा तर आत्ता झाडाखालीच झाली की."

मी वर कळवलं. उत्तर आलं, झऱ्यासाठी रकाना नाही. आमच्याकडे साधा एक रकाना नाही, याचं सासऱ्यांना मनापासून वाईट वाटलं. "ऱ्हाऊ द्या. आमचं आमी करतो," म्हणाले. दर मंगळवारी घरटी एक माणूस कामाला लागला. मी पाहणीला गेलो, तर वही उघडायच्या आत हातात टोपलं आलं. दुसऱ्याच खेपेला माझी कंबर धरली आणि बायका खुशाल तोंडावर हसल्या. पुढच्या वर्षी चैत्र उलटला तरी झऱ्याला पाणी होतं. मग मात्र कार्यालयाला वस्तीचा एकाएकी अभिमान वाटू लागला. उद्घाटनाची पाटी घेऊन गाडी निघाली. सासरे म्हणाले, "लावा की. पन ज्यानं ज्यानं दगुड उचलला त्या समद्यांची नावं लिवा." तेवढी मोठी पाटी सरकारात मिळत नाही. गाडी परत फिरली.

निवृत्त झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात त्यांना भेटायला गेलो. फार थकले होते. "आता कुठं राहायलाव?" त्यांनी विचारलं.

"सेलूला. दोन मजली घर बांधलंय."

"कोन कोन असतं?"

"मी आणि ही. मुलं पुण्याला."

"आन् शेजारी कोन हाय?"

मी तोंड उघडलं. तिथं राहायला जाऊन चार वर्षं झाली होती. नाव काही आठवेना. ते वाट पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला आणि यंदाच्या मोहाच्या फुलांबद्दल बोलू लागले. कुणाला उत्तरावाचून सोडून देताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.