वाढीव तीस सेकंद

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकट्याने दोन प्रश्न विचारले. बुद्धिबळाचं डिजिटल घड्याळ कोणतं घ्यावं, हा पहिला. आणि आजोबांना डाव जमेना म्हणून त्यांनी खेळणं सोडलं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आजोबांनी दिलं, पण त्यांचा आवाज आता इतका बारीक झाला आहे की तो तुमच्यापर्यंत पोचला नाही. दुसरा प्रश्न ऐकून ते उठून आत गेले. म्हणून दोन्ही उत्तरं मी आताच लिहून टाकते. इंग्रजीत लिहिणं तुम्हाला सोयीचं होतं, मलाही. माझी सगळी शाळा इंग्रजीतच झाली. पण पाठवण्याआधी हे आजोबांना वाचून दाखवायचं आहे, आणि त्यांच्याशी मी मराठीतच बोलत आले. तुम्हाला तुमची आई वाचून दाखवील.

आजोबांकडे पूर्वी चावीचं घड्याळ होतं, दोन तबकड्यांचं. आपली चाल झाली की आपल्या बाजूची कळ दाबायची, मग समोरच्याचा वेळ सुरू होतो. नेरूळच्या दमट हवेत त्याची डावी बाजू मागे पडू लागली. वाशीच्या घड्याळवाल्याने ते उघडलं, फुंकर मारली आणि परत दिलं. "स्प्रिंग मिळत नाही आता, आजी. शोकेसमध्ये ठेवा."

त्याच सुमारास आजोबांना कंपवाताचं निदान झालं होतं. सोंगटी उचलायला हात पुढे जायचा आणि तिच्यावर थरथरत राहायचा. चाल डोक्यात तयार असायची, पण पटावर पोचायला वेळ लागायचा. डिजिटल घड्याळात प्रत्येक चालीला काही सेकंद आपोआप वाढवून मिळतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यासाठीच ते घ्यायचं ठरलं.

घाईने मागवलेलं पहिलं घड्याळ मी परत पाठवलं. कळ इतकी घट्ट होती की ती दाबताना आजोबांच्या हाताने घोडा आडवा व्हायचा. दुसरं दुकानात जाऊन घेतलं. काउंटरवर ठेवून मी त्याची कळ एका बोटाने हलकेच दाबून पाहिली, मग चष्मा काढून आकडे वाचून पाहिले. धाकट्या, तूही एवढंच बघ. कळ हलकी हवी, आकडे मोठे हवेत, वाढीव सेकंद भरता यायला हवेत, आणि सेल कुठल्याही दुकानात मिळणारे हवेत. रंगावर जाऊ नकोस.

आजोबांबरोबर खेळायला येतात ते करावे गावातले त्यांचे एक मित्र. आजोबांना ते मास्तर म्हणतात, मला वयनी. जासईच्या कंटेनर यार्डात या मित्रांनी क्रेन चालवली. चाल अशी झटक्यात करतात की पट हलतो. नवं घड्याळ पाहून ते म्हणाले, "वयनी, ह्ये घड्याल हाय का मिक्सर?"

"मिक्सरच आहे," आजोबा म्हणाले. "आज तुमची चटणी करतो."

अर्धा तास प्रत्येकाला आणि चालीमागे तीस सेकंद, अशी वेळ मी भरून दिली. घड्याळाची बटणं बारीक, म्हणून ते लावणं माझ्याकडे आलं. माहितीपत्रक मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फाइलला लावलं. जवळजवळ दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी डाव झाला. आजोबा बरेचदा जिंकायचे. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त खायचे.

मग आम्ही तीन महिने तुमच्याकडे आलो. आठवड्याहून जास्त बाहेर जायचं असलं की मी घरातल्या प्रत्येक वस्तूचे सेल काढून ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे. इथल्या खाडीच्या हवेत सेल पाझरतात. रक्तदाबाचं एक यंत्र माझं तसंच गेलं. टॉर्च, रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांचे सेल रबर लावून डब्यात ठेवले. बुद्धिबळाच्या घड्याळाचेही ठेवले. परत आल्यावर ज्याचे त्यात घातले. पडद्यावर अर्धा तास दिसला. मी समाधानाने ते पटाशेजारी नेऊन ठेवलं.

त्या गुरुवारी आजोबांचा एक हत्ती वर होता, म्हणजे समोरच्यापेक्षा एक हत्ती जास्त. मी भाजी निवडत शेजारीच बसले होते. पटावर वाकले की त्यांना दुसरं काही दिसत नाही, आणि मित्र घड्याळाकडे कधीच बघत नाहीत. आजोबांचा हात वजिरावर थरथरत होता. मित्र एकाएकी खिडकीबाहेर बघू लागले आणि बघतच राहिले. मग आजोबांनी घड्याळाकडे मान वळवली. त्यांच्या बाजूला नुसती शून्यं होती.

त्यांनी हात पुढे केला. "वेळ संपली. मी हरलो."

"मी काय बोल्लो का, मास्तर? मी बघितलाच नाय."

"मी बघितलं."

"अवो, हत्ती वर हाय तुमचा! चाला, खेला."

आजोबांनी सोंगट्या पेटीत भरल्या. एरवी ते काम मी करते, कारण त्यांना त्याला फार वेळ लागतो. त्या दिवशी त्यांनी मला हात लावू दिला नाही. मित्र गेल्यावर म्हणाले, "वाढीव सेकंद मिळूनही पुरत नाहीत मला. आता हात नाही गं, डोकंच मंद झालं."

पुढचे पाच गुरुवार ते खेळले नाहीत. मित्र यायचे, चहा घ्यायचे, गावातल्या गोष्टी सांगायचे आणि पेटीकडे न बघता निघून जायचे. आजोबांनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडंही सोडलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मी त्यांना आंघोळ घालत होते, शर्टाची बटणं लावत होते, घास भरवत होते, आणि खरं सांगते, मी इतकी थकले होते की पट मांडायचा नाही याचं मला थोडं बरंच वाटलं.

सोसायटीत मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग चालतो. घड्याळ तिथे देऊन टाकू, असं आजोबाच म्हणाले. द्यायचं तर वेळ कशी भरायची ते लिहून द्यावं, म्हणून मी फाइल काढली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की सेल काढल्यास भरलेली वेळ पुसली जाते आणि मूळची पहिली वेळ परत येते. ती पहिली वेळ होती नुसता अर्धा तास, वाढीव सेकंद नसलेला. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती. रेघ माझीच, पट्टी लावून ओढलेली.

हे सांगायला मला दोन दिवस लागले. शेवटी दुपारचा चहा पाजताना सांगितलं.

त्यांनी तोंड कपापासून बाजूला घेतलं. मग म्हणाले, "महिनाभर मला वाटत होतं की मी संपलो."

"माझं चुकलं हो."

"रेघ मारली होतीस?"

"मारली होती."

"मग वाचून विसरणारीपेक्षा मी न वाचणारा बरा," असं म्हणून त्यांनी तोंड पुसायला पुढे केलं. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांना फोन कर. गुरुवारी या म्हणावं."

मित्रांनी सगळं ऐकून घेतलं. "वयनी, तुमी तर मास्तरांना जित्तेपनीच पोचवला!" मग तो डाव रद्द धरून पुन्हा खेळू, असं ते म्हणाले. आजोबा ऐकेनात. "घड्याळ तपासून बसणं खेळणाऱ्याचं काम. ती हार माझीच. नवा डाव मांडा."

तो नवा डावही आजोबा हरले, पण या वेळी पटावर. वजीर चुकीच्या घरात नेला म्हणून स्वतःवरच चिडले आणि रात्री जेवतानाही त्याच चालीबद्दल बोलत होते. मला ते ऐकून रडू आलं.

याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याने कळही दाबवत नाही. चाल झाली की मित्रच दोन्ही बाजूंच्या कळा दाबतात. सेकंद आम्ही साठ केले आहेत. बसण्यापूर्वी आजोबा मला ते आकडे मोठ्याने वाचायला लावतात. कधी डाव पुरा होतो, कधी गोळीचा असर उतरतो आणि अर्ध्यावर थांबावं लागतं. धाकट्या, आजोबांनी खेळणं सोडलेलं नाही. आठवड्याला एक डाव अजून होतो.